झूम एचवनएन रेकॉर्डर: गुऱ्हाळात वापरून लिहिलेला रिव्ह्यू (स्टुडंट फिल्मवाल्यांसाठी)

सिनियरकडून सेकंडहँड घेतलेला झूम एचवनएन, म्हणजे आवाज भरायचा छोटा रेकॉर्डर, मी आख्खा हंगाम वापरलाय, म्हणजे दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटली तेव्हापासून फिल्म सबमिट होईपर्यंत, त्यामुळे अनबॉक्सिंग वगैरे विचारू नका, बॉक्सच नव्हता. मॉडेल २०१८ चं आहे. नवीन एच वन इसेन्शियल आलाय त्यात ३२ बिट फ्लोट (लेव्हल चुकली तरी आवाज नंतर सावरता येतो) आहे, यात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना स्पेक्स हवेत त्यांच्यासाठी पटकन: वर जाळीत दोन माइक ९० अंशात, २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत वेव्ह, ३२ जीबीपर्यंत मायक्रोएसडी, दोन ट्रिपल ए सेलवर कंपनी दहा तास सांगते. फिल्मसाठी २४ बिट ४८ वर ठेवा, तासाला साधारण एक जीबी जातो, म्हणजे एका कार्डात तीसेक तास. इतकं पुरतं, कारण तेवढं नंतर ऐकायलाही लागतं ना राव.

आता मुद्द्याचं. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला सगळी चर्चा कॅमेऱ्याची चालते, कुणी सोनी भाड्यानं आणतंय, कुणाकडे गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) आहे, आणि आपल्याकडे नीट गोष्टपण नाही असं वाटून रात्री झोप लागत नाही. माझी पहिली स्क्रिप्ट म्हणजे पुण्याची नोकरी सोडून मुलगा गावी येतो, वडलांचं गुऱ्हाळ, भांडण, शेवटी समेट. गाइड म्हणाले कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय, आणि ते खरंच होतं. मग मधे काही दिवस ती बंद गुऱ्हाळातल्या भुताची फिल्म होती (हसू नका), मग कोल्हापुरी गुळाला जीआय टॅग (त्या भागाची खास ओळख सांगणारं मानांकन) आहे तर त्यावर माहितीपट करू, भारदस्त व्हॉइसओव्हर टाकू असं ठरलं. दर आठवड्याला ग्रुपवर नवीन आयडिया टाकायचो, पोरं पहिल्यांदा लाइक द्यायची, नंतर मेसेज नुसताच 'सीन' दिसायचा. आपल्याला हे जमणारं नाही हे मनात पक्कं बसत चाललेलं.

रेकॉर्डरनं काय केलं तर कॅमेरा बुक न करता, कुणाला न सांगता मला गुऱ्हाळात बसायची सोय करून दिली. कॅमेरा लावला की माणसं शर्ट नीट करतात, आवाज बदलतात. हा एवढासा डबा, ट्रायपॉडचा स्क्रू मागे आहे, छोट्या स्टँडवर लाकडी बाकाच्या कोपऱ्यात ठेवला. अर्थात आधी विचारून. गुळव्या मामांनी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या मामांनी, बघितलं आणि म्हणाले, "काय रं, रेडिओ हाय का त्यो?" मी म्हटलं नाही मामा, आवाज भरून घेतो. "मग भर की, हितं आवाजाला काय तोटा," एवढं बोलून ते रसावरची मळी काढायला वळले.

घरी येऊन हेडफोन लावले आणि दोन गोष्टी पाठोपाठ ऐकल्या. एक, मित्राबरोबर वाचून रेकॉर्ड केलेला बाप-लेकाचा सीन, तो इतका खोटा वाटला की मीच पॉज केला. दुसरी काहिलीची, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईची फाइल. सुरुवातीला रस पातळ असतो तेव्हा नुसती खळखळ, वर मळी येते, भेंडीचं पाणी पडतं तेव्हा क्षणभर आवाज बसतो, मग रटरट, आणि पाक घट्ट होत आला की मोठे बुडबुडे फुटल्याची फद्‌ फद्‌, त्यात मागं चुलवाणात (भट्टीत) चिपाड, म्हणजे पिळून वाळलेला ऊस, ढकलल्याचा आवाज आणि मामांचं मधूनच "दम, दम जरा". मग पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी बघितल्यावर ते "आली" म्हणतात आणि सगळे एकदम उठतात, काहील वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या पसरट जागेत, उतरवायची धांदल. अडीच-तीन तासांची ही गोष्ट, सुरुवात-मध्य-शेवट सगळं तिच्यात होतं, मी मात्र समेट लिहीत बसलेलो. फिल्म तीच झाली, एक काहील भरण्यापासून ओतेपर्यंत, व्हॉइसओव्हर काढला, भूतही गेलं. शॉट लिस्ट मी त्या फाइलवरूनच केली, आवाज कुठं बदलतो ते मिनिट लिहून. म्हणून शूटिंगच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर काय करायचं हे पहिल्यांदाच माहीत होतं. भीती होतीच, पण हात चालत होते.

प्री-रेकॉर्ड नावाचं एक सेटिंग आहे, बटण दाबायच्या आधीचे दोन सेकंदही फाइलमध्ये येतात. न बोलणारी माणसं अचानक बोलतात तेव्हा याची किंमत कळते, मामांची सगळ्यात भारी वाक्यं यानंच पकडली. लेव्हलचं चाक समोरच आहे, मेनूत शिरावं लागत नाही. ऊस पिळायचा चरक चालू असताना ते बरंच खाली आणा, पीक (सगळ्यात मोठा आवाज) उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, लिमिटर (अचानक मोठा आवाज दाबणारं सेटिंग) चालू ठेवा, आणि चरकाच्या अगदी तोंडाशी नेऊ नका.

आता उणं. अंग प्लॅस्टिकचं आहे, हातात धरून रेकॉर्ड केलं तर बोटांची खरखर येणारच, स्टँड हवाच. वारा तर अजिबात सहन होत नाही, उघड्यावर केसाळ टोपी घातल्याशिवाय काढू नका. शांत खोलीत हळू बोलणं घेतलं तर बारीक सूं ऐकू येते, महागड्या मशीनची सर याला नाही. एक्सएलआर (मोठ्या माइकची तीन पिनांची जोडणी) नाही, फँटम पॉवर (केबलमधून माइकला वीज) नाही, म्हणजे मोठा बूम माइक थेट लागत नाही. साडेतीन एमएमच्या होलमध्ये कॉलर माइक लागतो, ते ठीक. टाइमकोड (चित्र-आवाज जुळवायची वेळेची खूण) नाही, सिंकसाठी टाळी वाजवा किंवा आतल्या टोनचा बीप कॅमेऱ्यात सोडा.

संवादांची फिल्म करत असाल, चार पात्रं एका खोलीत, तर हा घेऊ नका, दोन कॉलर माइक भाड्यानं आणा. पण अजून काय करायचं तेच ठरत नसेल, आयडिया रोज बदलत असेल, आणि जागा मात्र पक्की असेल, म्हणजे तालीम, चप्पलवाल्यांची गल्ली, मार्केट यार्ड काहीही, तर कॅमेऱ्याच्या आधी हा घेऊन तिथं बसा. चांगले चार्जेबल सेल जादा ठेवा, आणि हेडफोन विसरू नका, मागच्या स्पीकरवर फाइल भरली की नाही एवढंच कळतं.

पाचपैकी चार. एक स्टार त्या सूं साठी कापला.