पाइप फुटलाच नव्हता

आईचं घर जुनं आहे. मोरीपासून रस्त्याच्या गटारापर्यंतची ड्रेनेज लाइन अजूनही खापरी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या पाइपांची. मध्यंतरी मोरीतलं पाणी उतरेनासं झालं, संडासात पाणी ओतलं की मोरीच्या जाळीतून घाण वर यायची. आईने जाहिरातीतल्या एका नंबरवर फोन केला. दोघं जण आले. त्यांनी स्प्रिंग मशीन फिरवलं, आत काहीतरी औषध ओतलं, मग कॅमेरा सोडून मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. "आजी, पाइप आतून पार फुटलाय. आज नाही खोदलं तर भिंत खचेल." एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला असं सांगितल्यावर ती काय करणार? तिने आगाऊ रक्कम दिली. त्यांनी मोरीची फरशी फोडली, पाइपचे तुकडे काढून पुरावा म्हणून तिच्यासमोर ठेवले आणि पूर्ण लाइन बदलायचा भलामोठा आकडा सांगून सामान आणायला म्हणून निघून गेले.

मी पोचले तेव्हा ते तुकडे बादलीत पडले होते. एकेक धुऊन पाहिला. आतली बाजू वर्षानुवर्षांच्या मळाने काळीकुट्ट, पण तुटलेल्या कडा फिकट, स्वच्छ आणि हाताला लागतील इतक्या धारदार. पाइप आधीपासून तडकलेला असता तर त्या फटीत सांडपाणी मुरून कडाही काळ्या पडल्या असत्या. तो त्याच दिवशी, हातोड्याने फोडला होता.

आईच्या मोबाइलवर त्यांनी पाठवलेला व्हिडिओ होता, तोही नीट पाहिला. त्यातला पाइप पांढरा, गुळगुळीत, प्लास्टिकचा होता. खापरी पाइप आखूड असतात, दर दोन-तीन फुटांवर सांधा दिसायला हवा. इथे लांबच लांब सरळ नळी. कोपऱ्यात कॅमेरा किती मीटर आत गेला ते दाखवणारा आकडा होता, आणि आमच्या मोरीपासून गटारापर्यंत तेवढं अंतरच नाही. व्हिडिओ दुसऱ्याच कुठल्यातरी घरचा. हे विचारायला फोन केला तर आधी उडवाउडवी, नंतर नंबरच बंद. तक्रार केली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. पैशांपेक्षाही आईला भीती घालून लुबाडलं याचा संताप जात नाही.

नंतर ओळखीतले एक जुने गवंडीकाका आले. त्यांनी कामाला हात लावण्याआधी विचारलं, "आत काय ओतलंय?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. अशा औषधांत कधी कॉस्टिक सोडा असतो, कधी ॲसिड; कॉस्टिक सोड्यावर ॲसिड पडलं तर पाणी उकळून तोंडावर उडू शकतं. म्हणून पहिल्या माणसाने काही ओतलं असेल तर दुसऱ्याला आधी सांगा, आणि ओततानाच डबा मागून त्यावरचं नाव बघा.

मग त्यांनी अंगणातल्या चेंबरची झाकणं उघडली. घराजवळचं चेंबर काठोकाठ भरलेलं, पुढचं कोरडं. म्हणजे अडथळा त्या दोन चेंबरच्या मधे; मोरीखाली खोदायचं काही कारणच नव्हतं. पुढच्या चेंबरमधून रॉड घालून ढकलल्यावर केसाळ मुळांचा गुंता आणि त्यात अडकलेलं पोछ्याचं फडकं बाहेर आलं. खापरी पाइपच्या सांध्यातलं सिमेंट जुनं झालं की चिरतं आणि ओलाव्याच्या मागे मुळं आत शिरतात. खराब झालेला तेवढा सांधा उघडून काकांनी एक तुकडा बदलला. लाइन वाहायला लागली. खरा खर्च वाढला तो मोरीची फोडलेली फरशी आणि धडधाकट पाइप पुन्हा बसवण्याचा.

तुमच्याकडे असा कोणी आला तर चेंबर तुमच्यासमोर उघडायला सांगा. भरलेलं कोणतं, कोरडं कोणतं ते स्वतः बघा. झाकण उघडल्यावर लगेच वाकून तोंड जवळ नेऊ नका आणि चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका, आतला वायू जिवावर बेततो. कॅमेरा आत जाताना त्याची वायर तुमच्याच मोरीत उतरतेय ना, आणि व्हिडिओची सुरुवात तुमच्याच जाळीपासून होतेय ना, ते उभं राहून पाहा. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा की फरशीवर पहिला घाव पडण्याआधी आम्हाला फोन करायचा, समोरचा कितीही घाई करो. तुंबलेलं पाणी एखादा दिवस तुंबलेलं राहिलं तर त्रास होतो, पण तेवढ्यात दुसऱ्या माणसाला दाखवून घेता येतं. आणि काढलेले तुकडे त्यांना घेऊन जाऊ देऊ नका. आमच्या तक्रारीसोबत आता तेच जोडले आहेत.