'द मंचुरियन कँडिडेट': १९६२चा पाहावा की २००४चा?

'द मंचुरियन कँडिडेट' या नावाचे दोन चित्रपट आहेत: जॉन फ्रँकेनहायमर यांचा १९६२चा कृष्णधवल आणि जोनाथन डेमी यांचा २००४चा रंगीत. मनाचा ताबा दुसऱ्याच्या हाती गेलेला अमेरिकन सैनिक आणि त्याची सत्ताकांक्षी आई हा गाभा दोन्हींत सारखा असला, तरी भीती कोणाची बाळगायची याचे उत्तर वेगळे आहे, आणि निवड त्यावरूनच करावी.

जुन्या चित्रपटामागे कोरियन युद्ध आहे. त्या युद्धानंतर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला, तेव्हा 'ब्रेनवॉशिंग'ची धास्ती अमेरिकेत चांगलीच पसरली होती. चित्रपट त्या धास्तीचा वापर करतो आणि तिची टरही उडवतो. त्या सैनिकाच्या आईचा नवरा, सिनेटर आयसलिन, सरकारात कम्युनिस्ट घुसल्याची आवई उठवतो, पण त्यांची संख्या दर वेळी वेगळी सांगतो. आपल्या लक्षात राहील असा एकच आकडा हवा, अशी कुरकुर तो जेवताना बायकोकडे करतो आणि हातातल्या केचपच्या बाटलीवरचा ५७ हा आकडा लगेच सिनेटमध्ये ठणकावून सांगतो. रोख उघडच १९५०च्या दशकातले कम्युनिस्टविरोधी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावर आहे. त्यांचाही आकडा असाच बदलत असे. हा कम्युनिस्टविरोधी गजर अखेर कोणाच्या पथ्यावर पडतो हे कळल्यावर डावे आणि उजवे दोन्ही प्रेक्षक अवघडतात. वर्णभेदावरचे भाष्य तर एका स्वप्नातच येते. संमोहित सैनिकांना आपण बागकामप्रेमी महिलांच्या सभेत बसलो आहोत असा भास होतो. त्याच तुकडीतल्या गोऱ्या मार्कोला त्या बायका गोऱ्या दिसतात, कृष्णवर्णीय मेल्विनला कृष्णवर्णीय, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. अँजेला लॅन्सबरी यांनी साकारलेली आई मात्र, अभिनय कितीही जबरदस्त असला तरी, त्या काळच्या पुरुषी भयगंडातूनच आलेली आहे.

डेमी यांनी १९९१चे आखाती युद्ध घेतले आणि कम्युनिस्टांच्या जागी मंचुरियन ग्लोबल ही बलाढ्य कंपनी आणली. इराक युद्ध चालू असताना, अध्यक्षीय निवडणुकीच्याच वर्षी आलेल्या या चित्रपटात युद्धावर पोसलेली कंपनी आपला माणूस उपाध्यक्षपदावर बसवू पाहते. मेरिल स्ट्रीप यांनी साकारलेली आई स्वतःच सिनेटर आहे, तिला नवऱ्याचे बाहुले लागत नाही. डेन्झेल वॉशिंग्टन यांचा मार्को बोलू लागला की लोक त्याला मनोरुग्ण ठरवतात, आणि परतलेल्या सैनिकाची ही उपेक्षा इथे मूळ चित्रपटापेक्षा जास्त भिडते. उपहासाची धार मात्र बोथट झाली आहे, कारण दोष कंपनीच्या माथी मारून प्रेक्षक मोकळा होतो.

पैसा आणि सत्ता यांच्या साटेलोट्यात रस असेल, तर २००४चा पुरेसा आहे. भीती दाखवून मते मिळवण्याचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर १९६२चाच निवडावा. दोन्ही पाहणार असाल, तर जुना आधी पाहा; नव्याने शेवट बदलला आहे आणि त्या बदलाची गंमत मूळ माहीत असलेल्यालाच कळते.