हायवाला बसवलेला एअर फिल्टर इंडिकेटर : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

एअर फिल्टर कधी बदलायचा, हे आमच्या पुण्याजवळच्या वाघोली-लोणीकंद पट्ट्यात दोनच प्रकारे ठरतं. एकतर किलोमीटर मोजून, नाहीतर फिल्टर बाहेर काढून, टायरवर आपटून, त्याचा रंग बघून. खडी आणि क्रश सँड वाहणाऱ्या गाडीला यातलं काहीच लागू पडत नाही, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. गेल्या दिवाळीत माझ्या दोन्ही हायवांना (खडी वाहणारे मोठे डंपर), एक जुन्या धूर-नियमांची बीएस-४ आणि एक नव्या नियमांची बीएस-६, आकडे असलेला व्हॅक्यूम इंडिकेटर बसवला. अख्खा उन्हाळा आणि बराचसा पावसाळा त्याच्याच भरवशावर काढला.

किलोमीटरचा हिशोब का चुकतो ते सरळ आहे. खाणीतून क्रशरवर आणि क्रशरवरून साइटवर फिरणारी गाडी दिवसाला फार किलोमीटर करत नाही, पण इंजिन सकाळपासून चालू असतं आणि पुढच्या गाडीची धूळ खात असतं. तेवढ्याच किलोमीटरमध्ये नागपूरला जाऊन येणारा ट्रक त्या मानाने स्वच्छ हवा घेतो. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान १० हजार लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून जास्तच ओढतं. ही सगळी हवा फिल्टरच्या त्या एका कागदातून जाते.

इंडिकेटर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची बोटभर नळी, आत स्प्रिंग आणि पिस्टन. एअर क्लीनर (फिल्टरचा डबा) आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) यांच्यामधल्या पाईपावर बसतो. फिल्टर जसजसा भरतो तसतशी इंजिनाला हवा ओढायला जास्त ताकद लागते, पाईपात ओढ वाढते आणि पिवळी पट्टी वर सरकते. इंजिन बंद केलं तरी ती पोचलेल्या जागीच अडकून राहते, वरचं बटण दाबल्यावर खाली येते. मोजमाप पाण्याच्या इंचात असतं. टर्बो असलेल्या बहुतेक जड डिझेल इंजिनांना २५ इंच, म्हणजे साधारण ६.२ किलोपास्कल, ही शेवटची मर्यादा असते. बिनटर्बोच्या जुन्या इंजिनांना ती कमी असते, त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच धरायचा.

हा आकडा उभ्या गाडीवर, आयडलला बघून काही उपयोग नाही. टर्बो इंजिन पूर्ण हवा ओढतं ते भरलेल्या गाडीने चढ चढताना. आमची पद्धत अशी: बटण दाबून पट्टी खाली आणायची, भरलेली गाडी खाणीच्या रॅम्पवरून वर काढायची, वजनकाट्यावर थांबलं की बघायचं. मामा (आमचे जुन्या गाडीचे ड्रायव्हर) आता स्वतःहून सांगतात, "मालक, आज पंधराच्या वर आलीय." माझ्या मते या वस्तूचा सगळ्यात मोठा फायदा हाच. फिल्टरबद्दलचं बोलणं अंदाजावरून आकड्यावर आलं.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त महत्त्वाची. फिल्टर काळा-करडा दिसतो म्हणजे तो संपला असं नसतं. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट जास्त बारीक कण अडवतो, नवाकोरा फिल्टर सुरुवातीला थोडा कमी अडवतो. आणि दर वेळी डबा उघडला की कडेची धूळ आतल्या स्वच्छ बाजूला पडायची संधी मिळते. खडीची धूळ म्हणजे दगडाचाच चुरा. तो टर्बोची पाती खातो, रिंग आणि लायनर घासतो, मग गाडी ऑइल प्यायला लागते. आमच्याकडे दर आठवड्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारायची प्रथा आहे. जोराच्या हवेने कागदाला पडलेलं बारीक भोक डोळ्यांना दिसत नाही, आत बल्ब धरला तरी प्रत्येक वेळी सापडेलच असं नाही. इंडिकेटर आल्यापासून मी हवा मारणं पूर्ण बंद केलं. बाहेरचा फिल्टर आकड्यावर बदलायचा. आतल्या छोट्या सेफ्टी फिल्टरला तर हवा कधीच मारायची नाही, बाहेरचे तीन बदलले की तोही नवा टाकायचा. मार्करने तारीख आणि अवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं त्याचा) आकडा लिहून ठेवतो.

पट्टीची चाल सारखी नसते. बराच काळ ती जागची हलत नाही आणि शेवटी शेवटी भराभर चढते. त्यामुळे २० ओलांडली की नवा फिल्टर आणून ठेवलेला बरा, २५ ची वाट बघत दुकान शोधू नये. मार्च ते मे हा काळ सगळ्यात वाईट. जूनमध्ये मुसळधार पावसात चालवल्यावर पट्टी एकदम वर गेली होती. कागद ओला झाला की असं होतं. तो वाळू दिला, बटण दाबून पुन्हा रॅम्पवर बघितलं, तर आकडा खाली आला. तो फिल्टर अजून चालू आहे.

बीएस-६ वाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. काळा धूर दिसला की फिल्टर बघायचा, ही जुन्या गाडीची खूण इथे उपयोगाची नाही, कारण काजळी सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्येच (काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये) अडकते. हवा कमी पडली की काजळी वाढते आणि गाडी रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) लवकर लवकर मागायला लागते. पिकअप कमी झाल्याचं ड्रायव्हरला जाणवेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

पट्टी अजिबात चढत नसेल तर खूश होऊ नये. भर उन्हाळ्यात धुळीत चालूनही आकडा हलत नाही, म्हणजे फिल्टर फाटलाय, सील बसलेलं नाही, क्लॅम्प ढिला आहे, नाहीतर इंडिकेटरचं तोंड बुजलंय. इंजेक्शनच्या सिरिंजला नळी लावून इंडिकेटर ओढून बघता येतो, पट्टी चढली तर तो ठीक. मग टर्बोकडचा पाईप उघडून आतून पांढरं फडकं फिरवायचं. फडक्याला धूळ लागली तर गाडी तिथेच उभी करावी. डब्याच्या खालचा, बदकाच्या चोचीसारखा रबरी वॉल्व्हही रोज दाबून धूळ सोडायची. तो फाटला किंवा चिकटला तर सगळा भार फिल्टरवर येतो.

तक्रारी दोन. इंजिनाच्या उष्णतेने प्लॅस्टिक पिवळं पडलं आहे, जुन्या गाडीवर आकडे वाचायला बॅटरी लागते. आणि केबिन उचलल्याशिवाय तो दिसत नाही अशी जागा मिस्त्री आधी सुचवत होता, ती मी बदलून घेतली. नळी लांबवून डोळ्यांसमोर येईल असा बसवून घ्या, नाहीतर कोणी बघणार नाही. नुसती लाल खूण दाखवणारा स्वस्तातला प्रकारही मिळतो, पण तो फक्त शेवट सांगतो. फिल्टरच्या किमतीपुढे आकडेवाल्याची किंमत किरकोळ आहे. जुन्या गाडीला दसऱ्याला नवा टाकणार आहे, तोही आकडेवालाच.