सहाशे रुपयांचा ओबीडी डोंगल : नऊ महिने वापरल्यावर

आधी गाडीचं सांगतो, कारण डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, घेतला तो तिच्यामुळे. २०१३ ची, चौदाशे सीसीची कॉमन रेल डिझेल हॅचबॅक, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेली. राहायला निफाडजवळ. इथे पारा पाच-सहावर उतरला की आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत फिरतो, आणि गाडी रात्रभर उघड्यावर. डिसेंबरात सलग तीन दिवस तिने सकाळी सहाला दगा दिला. सेल्फ झकास फिरायचा, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा, पण इंजिन पकडायचं नाही. पाचव्या-सहाव्या सेल्फला कशीबशी सुरू व्हायची, तीही तीन पायांच्या म्हशीसारखी हलत. वैतागून ऑनलाइन निळा ब्लूटूथ डोंगल मागवला, सोबत चारशेचा मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचा मीटर).

डोंगल स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि फोनवरच्या ॲपशी जोडतो. पहिल्याच दिवशी दोषाचा कोड मिळाला, पी ०३८०, म्हणजे हीटर प्लगच्या सर्किटमध्ये दोष. पण चारपैकी कुठला प्लग, की त्यांना करंट देणारा रिले, की वायर, हे त्याला माहीत नाही. ते मीटरने कळलं. वायर काढून प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स घेतला. दोन प्लग एक ओहमच्या आत, म्हणजे ठीक, उरलेल्या दोघांत सर्किटच तुटलेलं. डिझेलला स्पार्क नसतो, हवा दाबून तापते आणि त्या तापाने डिझेल पेटतं. गार इंजिनात तो ताप लोखंडच पिऊन टाकतं, म्हणून हीटर लागतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हे तेव्हा डोक्यात बसलं. प्लग मात्र मी स्वतः काढले नाहीत. जुना प्लग इंजिनच्या हेडमध्येच तुटला तर हजाराचं काम दहा हजारांवर जातं. मेकॅनिकने इंजिन कोमट करून काढले. चारही नवे टाकले, रिले बदलू दिला नाही.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ फिरतोय, पण धुराचा टिपूस नाही. थंडीचाही प्रश्न नाही. कोड आला पी ००८७, रेल प्रेशर कमी, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलना पुरवठा करणाऱ्या सामाईक नळीतलं प्रेशर कमी. मी शहाणपणाने त्याचा फोटो मेकॅनिकला पाठवला. उत्तर पाच मिनिटांत : "पंप नाहीतर नोझल, भाऊ. तीस-पस्तीस हजार धरून चाला." आमच्या काकांना ॲप, कोड काही कळत नाही. ते चहा घेत म्हणाले, "आधी हवा काढ की. ट्रॅक्टरचं डिझेल संपल्यावर काय करतो आपण?"

काका म्हणत होते ती डिझेलच्या नळीत शिरलेली हवा. ती काढायला माझ्या गाडीत डिझेल फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा रबरी पंप आहे. मुलीच्या हातात फोन दिला, लाइव्ह डेटात रेल प्रेशर लावलं आणि सेल्फ मारला. "बाबा, चार हजार दोनशे!" ॲप किलोपास्कल दाखवतं, शंभराने भागलं की बार. म्हणजे ४२ बार. इतक्या प्रेशरला इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नोझल उघडणारच नाही, या गाडीला साधारण दोनशे तरी लागतात. मग बॉनेट उघडून तो पंप दाबत बसलो. आधी पोकळ लागत होता, पंचवीस-तीस दाबांनंतर दगडासारखा घट्ट. पुन्हा सेल्फ. मुलगी ओरडली, "सव्वीस हजार!" आणि गाडी चालू.

पंपही ठीक होता, नोझलही ठीक होते. मे महिन्यात फिल्टर बदलताना खालच्या पाणी-सेन्सरची रबरी रिंग नीट बसली नव्हती. तिथून रात्रभर हवा शिरायची आणि डिझेल मागे टाकीकडे उतरायचं. ही बाजू ओढीवर चालते, म्हणजे पंप टाकीतून डिझेल खेचून घेतो, त्यामुळे बाहेर थेंबही गळत नाही आणि नजरेला काहीच दिसत नाही. रिंग साठ रुपयांची. कोड खोटा नव्हता, प्रेशर खरंच कमी होतं. फक्त कोणामुळे कमी आहे, ते त्यात लिहिलेलं नसतं, आणि मी आणि मेकॅनिक, दोघांनी सगळ्यात महाग गुन्हेगार पकडला. एक सांगून ठेवतो : हवा काढायची ती फिल्टरपर्यंतच. रेलचे किंवा नोझलचे नट चालू इंजिनावर सैल करू नका, तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि डिझेलची ती धार कातडीत घुसते. आणि हीटर प्लगच्या गाडीत तो स्टार्टिंग स्प्रे (गाडी सुरू करायला हवेच्या वाटेत मारतात तो पटकन पेटणारा फवारा) मारायचा नाही, कोणी कितीही म्हणो.

आता डोंगलची रड. गणपतीत दहा दिवस पुण्याला होतो, डोंगल सॉकेटमध्येच राहिला. परत आलो तर किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक. बॅटरी ११.८ व्होल्टवर, चांगली असती तर १२.६ दाखवली असती. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला गाडी बंद असतानाही थेट बॅटरीचा करंट असतो आणि हा पठ्ठ्या तो रात्रंदिवस पीत बसतो. बॅटरी चार वर्षांची, तिची थोडी चूक धरू. पण ज्या वस्तूवर गाडी का सुरू होत नाही ते शोधायचं, तिनेच गाडी बंद पाडली, हे ऐकून काका दोन दिवस हसत होते. ट्रॅक्टरवरून जंपर लावला : प्लसला प्लस, आणि मायनसचं टोक शेवटी इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

दुसरी कटकट अशी की बॅटरी अशक्त असली की सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि ऐन त्या क्षणी डोंगल फोनपासून तुटतो. तेव्हा मीटरच कामाला येतो. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघायचे, बाकी काही उघडायचं नाही. डोंगलचे आकडेही सेकंदाला एखाद-दोनदाच बदलतात, त्यामुळे सेल्फ चार-पाच सेकंद धरावा लागतो. डोंगलमधलं व्होल्टेज मीटरपेक्षा ०.३ ने कमी येतं. मेव्हण्याच्या आयफोनला तो जोडलाच नाही, त्याला वायफायवाला घ्यावा लागला.

घेणार असाल तर चालू-बंदचं बटण असलेला घ्या, शे-दीडशे जास्त गेले तरी चालतील. कोड पुसायच्या आधी कागदावर लिहून ठेवा, मी पी ०३८० सोबतचा दुसरा कोड घाईत पुसून बसलो आणि तो काय होता ते आजतागायत कळलेलं नाही. माझा डोंगल हल्ली ग्लव्ह बॉक्समध्ये असतो, मीटरच्या बाजूला, आणि जोडीला एक जादा रबरी रिंग.