लिव्हर केअर फॅमिली पॅकेज: ६७ वर्षांच्या बाबांना आणि २० वर्षांच्या पुतण्याला सेम टू सेम टेस्ट

रक्त काढायला आलेल्या मुलाला पाचपैकी पाच स्टार, पॅकेजला दोन. लॅबचं नाव लिहीत नाही कारण थोड्याफार फरकाने हे पॅकेज बरेच जण विकतायत, वर मोठ्या अक्षरात ‘लिव्हर कॅन्सर स्क्रीनिंगसह’, आणि चार जणांचं एकदम घेतलं की डिस्काउंट. आमच्याकडे शुगर आणि फॅटी लिव्हरवाले बाबा ६७ चे, आई, मी ४३ चा आणि कॉलेजसाठी राहायला आलेला पुतण्या २० चा, म्हणजे चौघं बसतात बरोब्बर, म्हटलं घेऊन टाकू.

आधी चांगलं सांगतो. मुलगा सांगितलेल्या वेळेला आला, बाबांची शीर कधीच कोणाला पटकन सापडत नाही, याने एका टोच्यात काढलं, सुई नवीन आहे हे आधी दाखवलं, आणि ट्यूबवर नावं आमच्यासमोरच चिकटवली. रिपोर्ट रात्रीपर्यंत ॲपवर आला. इथपर्यंत तक्रार शून्य.

रिपोर्टमधे काय तर एलएफटी (लिव्हर फंक्शन टेस्ट), शुगर, लिपिड, सीबीसी आणि एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन, लिव्हरच्या काही कॅन्सरमधे रक्तात वाढणारं एक प्रोटीन. सोबत ‘स्मार्ट रिपोर्ट’ म्हणून एक रंगीत पीडीएफ, त्यात लिव्हरचं चित्र आणि त्यावर हिरवी टिक, खाली ‘लिव्हर कॅन्सरचा धोका: कमी’. चौघांनाही तीच ओळ, कॉमासकट तीच. मी मायक्रोबायोलॉजीचा माणूस आहे, डॉक्टर नाही, पण इथे माझं डोकं फिरलं.

कारण लिव्हर कॅन्सर हा सगळ्या वयात एकच आजार नसतो. एकदम लहान पोरांमधे, तीनेक वर्षांच्या आतल्या, जो होतो तो हिपॅटोब्लास्टोमा, त्याचा दारू, फॅटी लिव्हर, सिरॉसिस (व्रण पडून लिव्हर कडक होणं) कशाशी संबंध नाही, गर्भात लिव्हर तयार होताना ज्या कच्च्या पेशी असतात त्यांच्यासारख्या पेशींचा तो कॅन्सर, आणि त्यात जीन्समधले बिघाड मोजकेच असतात, बहुतेक वेळा बीटा-कॅटेनिनचा. वेळेवर कळलं तर सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने आणि ऑपरेशनने बरीच पोरं बरी होतात. त्यात एएफपी साधारण दहातल्या नऊ पोरांत प्रचंड वाढलेलं असतं, म्हणजे ही टेस्ट खरी कामाची तिथे. पण गंमत अशी की नवजात बाळाचं एएफपी नॉर्मलीच हजारांमधे असतं आणि वर्षभरात हळूहळू खाली येतं, त्यामुळे मोठ्यांची रेंज लावून बाळाचा रिपोर्ट वाचला तर घरात रडारडच. (बुकिंगवाली बाई फोनवर ‘घरात लहान बाळ असेल तर त्याचं पण ॲड करून देते सर’ म्हणाली होती. नको ताई.)

आता पुतण्याच्या वयाकडे या. टीनएजर आणि विशी-तिशीतल्यांमधे फायब्रोलॅमेलर नावाचा एक दुर्मिळ प्रकार होतो, लिव्हर बाकी ठणठणीत असतं, सिरॉसिस नाही, व्हायरस नाही. २०१४ मधे त्याचं मूळ सापडलं, १९ नंबरच्या क्रोमोसोमचा एक तुकडा गळून दोन जीन्स एकमेकांना चिकटतात, डीएनएजेबी१ आणि पीआरकेएसीए, आणि पेशीला वाढ-वाढ सांगणारं एन्झाइम कायमचं चालू राहतं. त्या रिसर्चमधे हा आजार होऊन गेलेली एक शाळकरी मुलगी स्वतः सहभागी होती, हे वाचून मला फार भारी वाटलेलं. तर मुद्दा हा की या प्रकारात एएफपी बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. म्हणजे पुतण्याच्या पीडीएफवरची ती हिरवी टिक त्या आजाराबद्दल काहीच सांगत नाही. अर्थात तो इतका दुर्मिळ आहे की त्यासाठी धडधाकट पोरांची टेस्ट करत बसायचंही कारण नाही, मग टिक तरी कशाला मारता?

विशी ते चाळिशीत आपल्याकडे खरं विचारायला हवं ते हिपॅटायटिस बी. आणि पॅकेजमधे एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी पकडणारी रक्ताची टेस्ट, नाही!! लिव्हर कॅन्सरच्या नावाने विकताय आणि हीच टेस्ट नाही. जन्माच्या वेळी आईकडून इन्फेक्शन झालं तर दहातल्या नऊ बाळांमधे ते कायमचं राहतं, मोठेपणी झालं तर शंभरात जेमतेम पाच जणांमधे. हा व्हायरस स्वतःचा डीएनए आपल्या लिव्हरच्या पेशीच्या डीएनएत घुसवून ठेवतो, कधीकधी नेमका टर्ट नावाच्या जीनजवळ, आणि पेशीला म्हातारी होऊ न देणारं बटण दाबलं जातं. म्हणून सिरॉसिस व्हायच्या आधी, कमी वयात सुद्धा कॅन्सर होऊ शकतो. तैवानने १९८४ मधे बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर खरंच कमी झाला. आपल्याकडे सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ च्या सुमारास पोचली, त्यामुळे पुतण्याच्या वयाच्या पोरांनी ‘लहानपणी दिली असेल’ यावर विसंबू नये, कार्ड शोधा.

बाबांचं गणित तिसरंच. त्यांच्या वयात कॅन्सर येतो तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षं सुजलेल्या, व्रण पडत गेलेल्या लिव्हरमधून, कारण शुगर, फॅटी लिव्हर, दारू, जुना हिपॅटायटिस सी. पेशी मरतात, नवीन बनतात, परत मरतात, दर फेरीत टेलोमिअर (क्रोमोसोमच्या टोकाचं संरक्षक टोपण) झिजतं आणि डीएनएत चुका साठत जातात, मग एखादी पेशी त्याच टर्टच्या बटणात बदल करून सुटते. म्हणजे बटण तेच, फक्त व्हायरसऐवजी साठलेल्या चुकीने दाबलेलं. अशा माणसाला एकदा एएफपी नॉर्मल आलं म्हणून हुश्श करण्यात अर्थ नाही, बऱ्याच जणांमधे सुरुवातीच्या गाठीत ते वाढतच नाही, एलएफटी पण नीट येऊ शकतं. सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी, ही पद्धत आहे. हिपॅटायटिस बी असेल तर आशियाई पुरुषांना चाळिशीनंतर आणि बायकांना पन्नाशीनंतर सिरॉसिस नसला तरी. पॅकेजमधे सोनोग्राफी नाही, ती घरी येऊन होणार नाही हे समजू शकतो, पण रिपोर्टमधे एक ओळ तरी लिहा की यांना ती लागेल, शुगर आणि फॅटी लिव्हर तर फॉर्ममधेच भरलं होतं!

फ्री कन्सल्टेशन म्हणून जो फोन आला तो डाएटिशियनचा. बाबांना तूप कमी करा, पुतण्याला तूप कमी करा. एचबीएसएजी का नाही विचारलं तर ‘ते आमच्या अँटीनेटल पॅकेजमधे आहे सर’, मी काय प्रेग्नंट आहे का.

दोन स्टार ते त्या मुलासाठी आणि वेळेवर आलेल्या रिपोर्टसाठी. नुसतं एलएफटी-शुगर घरबसल्या करायचं असेल तर घ्या, रेट बरा आहे, कॅन्सरचं नाव बघून घेऊ नका. आम्ही नंतर चौघांचं एचबीएसएजी वेगळं केलं, सगळे निगेटिव्ह, पुतण्याचं कार्ड काही सापडलं नाही म्हणून फॅमिली डॉक्टरांनी त्याची लस सुरू केली, आणि बाबांना सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) लिहून दिलंय, ते पुढच्या आठवड्यात. त्या सेंटरचा रिव्ह्यू वेगळा टाकतो.