कॅन्सर लवकर कळावा म्हणून: फोन की स्मार्टवॉच?

कॅन्सरची भीती मनात धरून स्मार्टवॉच घ्यायचा विचार असेल, तर घेऊ नका. घड्याळ नाडी, झोप, त्वचेचं तापमान मोजतं. नाडीच्या अनियमित ठोक्यांबाबत त्याची खरोखर मोठी तपासणी झाली आहे; ‘अ‍ॅपल हार्ट स्टडी’त चार लाखांहून जास्त लोक होते. पण नाडी वाढायला आणि झोप बिघडायला शंभर कारणं असतात. त्यातून कॅन्सर वेगळा काढणं घड्याळाला जमत नाही.

फोनचं तसं नाही. त्याला कॅमेरा आहे, त्यामुळे निदान त्वचेपुरता तरी तो कामाचा आहे. मात्र फोटो काढणं वेगळं आणि त्यावर निकाल देणं वेगळं. तीळ ‘धोक्याचा’ की ‘बिनधोक’ हे सांगणाऱ्या अ‍ॅप्सचा आढावा २०२० मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. एका अ‍ॅपला धोक्याचे ८० टक्के डाग ओळखता आले आणि निरुपद्रवी डागांपैकी ७८ टक्के त्याने बरोबर सोडले. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब मांडून पाहा. १००० जणांपैकी १० जणांचा डाग खरंच धोक्याचा असेल, तर दोघं सुटतात आणि सुमारे २१८ जण विनाकारण धास्तावतात. मला काळजी त्या दोघांची वाटते, कारण ‘बिनधोक’ वाचून ते डॉक्टरकडे जायचेच थांबतात. सावळ्या त्वचेवर जास्तच जपायला हवं: अशी अ‍ॅप्स बहुतेक गोऱ्या त्वचेच्या फोटोंवर शिकलेली असतात आणि सावळ्या लोकांत मेलानोमा (त्वचेचा एक घातक कॅन्सर) अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथला फोटो घ्यायचं सहसा सुचतही नाही.

त्यापेक्षा साधा कॅमेरा वापरा. त्याच तिळाचा, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून दर महिन्याला फोटो घ्या. आकार वेडावाकडा होतोय, कडा फाटल्यासारख्या दिसतात, रंग एकसारखा नाही, रुंदी ६ मिलिमीटरच्या पुढे गेलीय किंवा काहीही बदलतंय, यातलं एक जरी दिसलं तरी ते फोटो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तारखेसकट झालेला बदल समोर दिसणं त्यांना फार उपयोगी पडतं.

अंगावर लावायच्या उपकरणांत मला आशा वाटते ती स्तनाच्या तपासणीसाठीच्या अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी) पॅचची. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ब्राला जोडता येणारा असा पॅच दाखवला, त्यात ०.३ सेंटिमीटरची पुटी (द्रवाने भरलेली गाठ) ही दिसली. पण तो अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. उष्णता मोजून स्तनाचा कॅन्सर शोधण्याचा दावा करणाऱ्या उपकरणांपासून मात्र लांब राहा. अशी उष्णतेची तपासणी, म्हणजे थर्मोग्राफी, मॅमोग्राफीची (स्तनाच्या एक्स-रेची) जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने दिलेला आहे.

म्हणजे निवडायचाच तर हातातला फोन पुरे. मॅमोग्राफी, गर्भाशयमुखासाठी एचपीव्ही (तिथल्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी, आतड्यासाठी शौचाची तपासणी यांतलं वयानुसार काय लागेल ते डॉक्टरांना विचारा आणि तारखांची आठवण त्याच फोनमध्ये लावा. गाठ लागली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही किंवा शौचातून रक्त गेलं, तर कुठलंच अ‍ॅप न उघडता थेट दवाखाना गाठा.