शिक्रापूरजवळचा शेळी फार्म: बोकड नंबर एक, सल्ला अर्धवट

नगर रोडने शिक्रापूर ओलांडलं की आतल्या बाजूला जो फार्म लागतो, त्याच्याबद्दल लिहितोय. पाचपैकी साडेतीन.

साडेतीन मुख्यतः वहीला. प्रत्येक बोकडाच्या आईची वेतं तिच्यात आहेत: पहिल्याला एक, दुसऱ्याला जुळी, तिसऱ्यालाही जुळी पण एक मेलेलं. मेलेलं करडूसुद्धा लिहून ठेवणाऱ्यावर माझा विश्वास बसतो. जुळ्यांचा गुण रक्तातून थोडासाच उतरतो, बाकी सगळं खुराकावर आणि फळवताना शेळी अंगाने कशी आहे त्यावर. म्हणून एका वेतावर भाळायचं नसतं. उस्मानाबादी बोकड घेतला, जिवंत वजनावर. नाव ठेवायला जागा नाही.

तिथला पोरगा मात्र गिऱ्हाईक दिसलं की सुरू होतो, 'आमच्यात फेकबी जीन आहे, जुळी नक्की.' अरे बाबा, जास्त पिल्लं देणारा तो जीन सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा. फलटणच्या निंबकर संस्थेने तो दख्खनी मेंढ्यांत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. उस्मानाबादी जुळ्यांसाठी आधीच नावाजलेली, तिला हा उसना टिळा कशाला?

खरा राग भुंड्या सानेन (दुधाळ विलायती शेळी) क्रॉसचा. शिंगं नाहीत म्हणून भाव चढा. माझ्यासमोर एकाने घरच्या भुंड्या शेळ्यांसाठी तसला बोकड उचलला, कुणी चकार शब्द काढला नाही. शिंगं घालवणारा बदल म्हणजे पहिल्या गुणसूत्रावरचा डीएनएचा सुमारे १०,१०० अक्षरांचा तुकडा गळणं. त्याने जवळचा फॉक्सएल२ जीनही गप्प होतो, आणि अंडाशय घडवायला तोच लागतो. फ्रान्समध्ये हे २००१ सालीच उलगडलंय. एकाच पालकाकडून आला तर नुसती शिंगं जातात. दोघांकडून आला की पाठीच्या, म्हणजे मादी करडाच्या, पोटात अंडाशयाच्या जागी वृषणासारखी गाठ तयार होते. ती माजावरच येत नाही, गाभण राहणं लांबच. शेपटी उचलून बघा, योनीच्या खालच्या टोकाला वाटाण्याएवढा दाणा दिसतो. भुंड्यावर भुंडी लावली तर सरासरी आठ करडांत एक असं निघतं. भुंडा आवडत असेल तर खुशाल घ्या, पण शिंगाच्या शेळ्यांवरच सोडा.

मालक ऐकून घेणारे आहेत. पावतीवर तशी सूचना छापतो म्हणाले. परवा भाच्याने तिथून भुंडा आणला, पावती कोरीच होती.